मृण्मयीचा क्लब निवडताना आपा बरोबर होत्या

नसीमा परकार मॅडमांशी माझी ओळख शारजातल्या रोल्ला भागात, एका खेळाच्या सामानाच्या दुकानात झाली. आमची मृण्मयी तेव्हा चौथीत होती आणि तिला फुटबॉलचे बूट हवे होते. पाय वाढता आहे, पुढच्या वर्षीही चालतील, असा विचार करून मी मोठ्या मापाचा जोड बांधून द्यायला सांगितला, तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "एवढे मोठे नका घेऊ हो. पाय आत सरकतो आणि पोरगी तोंडावर पडते."

वळून पाहिले. डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, अंगात ट्रॅकसूट, खांद्यावर जाळीत भरलेले चेंडू. मला आधी वाटले, मी चुकीचे ऐकले. शारजात अनोळखी बाईशी आपण हिंदीतच सुरुवात करतो. पण त्या पुढेही मराठीतच बोलत राहिल्या. "कुठे खेळते ही?"

"बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये. मुलांबरोबर."

"मुलं पास देतात का तिला?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. उत्तर मृण्मयीनेच दिले, "समटाइम्स."

त्यांनी तिच्या गणवेशाकडे पाहिले. "मग शाळेत माझ्याकडे ये, बाय. आमच्याकडे सगळ्या पास देतात."

त्या मृण्मयीच्याच शाळेत वरच्या वर्गांना खेळ शिकवतात, हे तेव्हा कळले. शाळेत सगळे त्यांना परकार मॅडम म्हणत. मी वर्षभरात आपा म्हणू लागले, आणि त्यांनी मला 'अगं वैशाली' म्हणायला त्याहूनही कमी वेळ घेतला.

आपांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या शाळेतून निवृत्त होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या क्रीडाकार्यावर अधिकाराने लिहिणारे पुष्कळ जण आहेत. मी बंदरालगतच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत शिपिंगचे काम पाहते. कंटेनर कधी लागणार आणि कधी सुटणार, एवढेच मला नीट कळते. त्यामुळे मी एकच गोष्ट सांगणार आहे. आमच्या मुलीसाठी क्लब निवडायची वेळ आली तेव्हा आपांनी काय केले, ती.

त्याआधी त्यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. आपांचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावी. वडील जहाजावर नोकरीला होते. शाळेत असताना त्या खो-खो खेळल्या, पुढे कोल्हापूरला शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि लग्नानंतर शारजाला आल्या. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही परकारभाई म्हणतो, गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवतात. आपा स्वतः कधी फुटबॉल खेळलेल्या नाहीत, हे ऐकून लोकांना नवल वाटते. शाळेतल्या मुलींनी "मॅम, व्हाय ओन्ली बॉइज?" असे विचारले म्हणून चाळिशीत त्यांनी प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला. त्या वर्गात त्यांच्या वयाचे कोणी नव्हते आणि दुसरी बाई तर कोणीच नव्हती. "घाम पुसायला दुपट्टा नेते, रडायला नाही," असे त्या परकारभाईंना सांगून जात, ही आठवण परकारभाई अजून अभिमानाने सांगतात.

मुलींच्या घरची माणसे तयार करणे हे त्यांचे निम्मे काम होते. एका मुलीच्या आजीने, पाय उघडे टाकून खेळायचे नाही, असे ठणकावले होते. आपा त्या घरी गेल्या, चहा प्यायल्या आणि आजींना म्हणाल्या, "पाय झाकून खेळू दे. चेंडूला काय कळतंय?" त्या वर्षी शाळेच्या संघात निम्म्या मुली पायघोळ लेगिंग घालून खेळल्या. आजी प्रत्येक सामन्याला येऊन बसत आणि पंचाशी भांडत.

मृण्मयी या संघात वाढली. ती डाव्या पायाने खेळते, मधल्या फळीत. ती नववीत गेली तेव्हा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय सुरू झाला. अमेरिकेतली कॉलेजे खेळणाऱ्या मुलींना घेतात, शिष्यवृत्ती देतात, पण त्यासाठी मुलगी शाळेच्या संघात नव्हे, तर चांगल्या क्लबात हवी. माझे यजमान हेमंत अबुधाबीत एका तेल कंपनीच्या कंत्राटावर आहेत आणि शुक्रवारी घरी येतात. त्या काळात त्यांचा शुक्रवार लॅपटॉपवर क्लब पाहण्यातच जाई. शेवटी दोन नावे उरली.

एक क्लब दुबईतला, मोठा. त्यांच्या कार्यालयात शिरताच भिंतभर फोटो होते, परदेशी कॉलेजांच्या जर्सी घालून हसणाऱ्या मुलींचे. व्यवस्थापक सुटाबुटातला, गोड बोलणारा. "वी डोन्ट जस्ट ट्रेन देम, वी प्लेस देम," तो म्हणाला. खास समुपदेशक, व्हिडिओ, परदेशातल्या स्पर्धा, सगळे त्यांच्याकडे होते. फक्त पंधरा दिवसांच्या आत होकार द्यायचा होता, आणि शाळेच्या संघाकडून खेळणे बंद करायचे होते.

दुसरा क्लब शारजाच्या हद्दीजवळ, एका शाळेचे मैदान भाड्याने घेऊन चालणारा. तो चालवणारी रिमा ही लेबनीज बाई, कधीकाळी स्वतः खेळलेली. कार्यालय म्हणजे तिच्या गाडीची डिकी. ती सारखी "यल्ला, यल्ला!", म्हणजे चला चला, असे ओरडत असे आणि तिने आम्हाला कसलेच आश्वासन दिले नाही.

मृण्मयीला मोठा क्लब हवा होता. तिची जिवलग मैत्रीण तिथेच जाणार होती. हेमंतनाही तोच पसंत होता. मला मात्र काहीच ठरवता येईना. मुलीच्या आयुष्याची दिशा पंधरा दिवसांत, ज्या विषयातले मला ओ की ठो कळत नाही त्यात ठरवायची होती. मी आपांना फोन केला. म्हटले, आपा, तुम्हाला विचारणे बरे नव्हे, कारण तो क्लब मुलीला तुमच्याच संघातून काढायला सांगतो आहे.

"माझा संघ राहू दे बाजूला," आपा म्हणाल्या. "पोरगी कुठे नीट वाढेल ते बघू. शनिवारी मी येते बरोबर."

त्या शनिवारी आम्ही चौघे मोठ्या क्लबाचा सामना पाहायला गेलो. आम्ही चेंडूकडे पाहत होतो. आपा बाकावर बसलेल्या राखीव मुलींकडे पाहत होत्या. मध्यंतरानंतर त्या मला हळूच म्हणाल्या, "ती पोनीटेलवाली बघ. गुडघ्याला पट्टी आहे आणि तिला वॉर्मअप करायला सांगतायत. आणि बाकीच्या चौघींना अजून उठवलेलंसुद्धा नाही. ज्या मुलीला खेळायलाच मिळत नाही, तिचा व्हिडिओ कसला काढणार?"

सामना संपल्यावर आम्ही कार्यालयात गेलो. आपांनी नम्रपणे, इंग्रजीत, व्यवस्थापकाला विचारले की इथून गेलेल्या मुलींपैकी कोण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातही खेळते आहे. पहिल्या वर्षी पुष्कळ जणी जातात, पण खेळायला न मिळाल्याने सोडून देतात, असे त्यांनी ऐकले होते.

"मॅडम, वी हॅव मेनी सक्सेस स्टोरीज," तो म्हणाला.

"एखादीचं नाव द्या. मी बोलेन तिच्याशी."

तो प्रायव्हसीचे काही सांगू लागला. आपांचे लक्ष तेव्हा भिंतीवरच्या फोटोंकडे गेले होते. त्या एका फोटोजवळ गेल्या आणि चष्मा वर करून पाहू लागल्या. "अरे, ही तर आमची लिझ!"

लिझ ही आपांचीच जुनी विद्यार्थिनी, मल्याळी मुलगी, गोलरक्षक. आपांनी तिथे काही वाद घातला नाही. धन्यवाद म्हणून त्या बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अमेरिकेत सकाळ असताना, त्यांनी आमच्या घरी बसून लिझला फोन लावला आणि मृण्मयीसमोर स्पीकरवर ठेवला.

लिझ आधी मोठ्याने हसली. "मॅम, आय वॉज देअर फॉर वन टर्म! आय सॅट ऑन द बेंच." मग तिने सगळे सांगितले. कॉलेजच्या प्रशिक्षकांना तिने स्वतः मेल लिहिले होते. शाळेच्या संघातले पूर्ण सामने भावाकडून मोबाइलवर काढून घेऊन तेच पाठवले होते. प्रशिक्षकांना कापून जोडलेला चकचकीत व्हिडिओ पुरत नाही. चुकल्यावर मुलगी काय करते, हे त्यांना पाहायचे असते. क्लबाने तिचा फोटो मात्र भिंतीवर लावला होता.

मला वाटले, आता आपा सांगतील की हा क्लब नको. पण त्यांनी तसे केले नाही. त्या म्हणाल्या, "एका फोनवर ठरवू नको. रिमाकडे जा आठवडाभर. निवडीच्या खेळाला नाही, रोजच्या प्रॅक्टिसला. मग आपण बोलू."

आठवड्याच्या शेवटी आपा पुन्हा आल्या. हेमंतही होते. मोठ्या क्लबाची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि व्यवस्थापकाचे फोन येत होते. आपांनी मृण्मयीला समोर बसवले आणि विचारले, "समज, तुला उद्या कोणत्याच कॉलेजने घेतलं नाही. मग परवा सकाळी उठून तू या दोनपैकी कुठल्या मैदानावर जाशील?"

मृण्मयी म्हणाली, "रिमाज. बट देन... एक्स्पोजरचं काय?"

"ते आपण मिळून बघू, इन्शाल्ला. आधी तुला खेळावंसं वाटलं पाहिजे."

हेमंतनी व्यवस्थापकाचा फोन घेतला आणि नकार कळवला. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला धास्तीच वाटली. आपण मुलीचे नुकसान तर करत नाही ना, हा विचार पुढची दोन वर्षे माझ्या मनातून गेला नाही.

रिमाच्या हाताखाली मृण्मयी खूप खेळली. शाळेच्या संघातही राहिली. आपांनी दर रविवारी एक तास तिच्यासाठी ठेवला होता. त्या तासात फुटबॉल कमी आणि अभ्यास जास्त असे. "खेळाची शिष्यवृत्ती थोड्या जणींना मिळते," त्या सांगत. "मार्क चांगले असले तर पुष्कळ जास्त कॉलेजांची दारं उघडतात." मेल मृण्मयीनेच लिहायचे, आईबापांनी बोट लावायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. काही प्रशिक्षकांची उत्तरे येऊ लागली. एका मोठ्या कॉलेजच्या प्रशिक्षिकेने व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलून, पुन्हा लवकरच बोलू, असे सांगितले. आमच्या घरात लाडू वळायचेच काय ते बाकी होते.

आणि अकरावीत, एका साध्या सामन्यात, कोणाचाही धक्का न लागता, मृण्मयी वळताना खाली बसली. मी कडेला उभी होते. ती ओरडलीही नाही. रिमा धावत गेली, तिच्या गुडघ्याला हात लावला आणि खेळ थांबवून मायेने म्हणाली, "खलास, हबीबती, नो मूव्हिंग." गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर वर्षाचा बराचसा भाग मैदानाबाहेर.

शस्त्रक्रिया अबुधाबीत झाली. रमजानचे दिवस होते. त्या सकाळी हेमंतना साइटवरून लगेच निघता आले नाही आणि मी रुग्णालयात एकटी बसले होते. दरवाजातून आपा आल्या. शारजाहून बसने, उपासाच्या अंगाने. हातात डबा होता. "गुरुवार आहे ना तुझा? साबुदाणा केलाय. खा." स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब घ्यायचा नव्हता आणि माझा गुरुवार मात्र त्यांच्या लक्षात होता. मृण्मयी शुद्धीवर आल्यावर तिला ज्यूसही आपांनीच पाजला. संध्याकाळी मी खालून खजूर आणि पाणी आणले. अजान झाली, आपांनी खजूर तोंडात टाकला आणि पलंगाकडे पाहत म्हणाल्या, "आता रडून घे बाय, मी जेवते तोवर. मग व्यायाम सुरू करायचाय." मृण्मयी रडता रडता हसली.

त्या मोठ्या कॉलेजच्या प्रशिक्षिकेला हे कळवायचे की नाही, यावर घरात चर्चा झाली. हेमंतचे म्हणणे, बरी होईपर्यंत थांबू. मलाही ते पटत होते. आपांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तिकडे त्यांचा डॉक्टर गुडघा तपासणारच. तेव्हा कळण्यापेक्षा आज तिच्या तोंडून कळलेलं बरं. आणि कळल्यावर जे पळतील, ते तिथे गेल्यावरही हिला सांभाळणार नाहीत."

मृण्मयीने सर्वांना खरे लिहिले. मोठ्या कॉलेजचे उत्तर आलेच नाही. आणखी दोघांनी शुभेच्छा देऊन विषय संपवला. ते आठवडे फार वाईट गेले. मुलगी खोलीतून बाहेर येत नव्हती. "आय ॲम डन, आई," एवढेच म्हणायची. मोठ्या क्लबात असती तर तिथल्या लोकांनी काही मार्ग काढला असता का, असे मी एकदा आपांसमोर बोलून गेले. त्या रागावल्या नाहीत. "त्या पोनीटेलवालीला आठव," एवढेच म्हणाल्या.

रिमाने मृण्मयीची जागा काढून घेतली नाही. कुबड्या घेऊन असतानाच तिला मैदानावर बोलावले आणि लहान मुलींना कॉर्नर कसा घ्यायचा ते शिकवायला लावले. आपा तिला गाडीने नेत आणि व्यायामाच्या वेळी शेजारी उभ्या राहून तिला खिजवत, "माझा पाय तुझ्याहून वर जातो, बघ." खरोखर जात होता.

मुलगी हळूहळू परतली. बारावीच्या सुरुवातीला पुन्हा सामना खेळली तेव्हा आपा आणि मी कडेला हात धरून उभ्या होतो. पहिल्यांदा ती त्याच बाजूला वळली तेव्हा आपांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मृण्मयी वळली, पास दिला आणि पुढे धावली. आपा म्हणाल्या, "झालं. सोड आता माझा हात." हात त्यांनीच धरला होता.

त्या हंगामातले पूर्ण सामने मृण्मयीने पुन्हा पाठवले. एका लहान कॉलेजच्या प्रशिक्षकाने दुखापतीचा मेल वाचल्यावर, बरी झालीस की कळव, असे लिहिले होते. त्याने खरोखर वाट पाहिली होती. लहान मुलींना शिकवतानाचा जो व्हिडिओ रिमाने सहज काढला होता, तोही त्याने मागवून घेतला. मग रिमाशी बोलला, आपांशीही बोलला. त्या कॉलेजात खेळासाठी शिष्यवृत्ती नव्हतीच. मदत मिळाली ती मार्कांवर, आपांच्या रविवारांवर.

उत्तर आले तेव्हा मी हमरियाच्या यार्डात होते. क्रेनचा आवाज, ऊन, डोक्यावर हेल्मेट. फोनवर मृण्मयी एकदम म्हणाली, "आई, दे सेड यस." मला नीट ऐकू आले नाही. मी पुन्हा विचारले. मग सावलीला जाऊन एका पेटीवर बसले आणि मोठा श्वास घेतला. इतकी वर्षे छातीवर ठेवलेले काहीतरी कोणीतरी उचलून नेले, असे वाटले. आमचा पठाण फोरमन घाबरून विचारू लागला, "मॅडम, सब खैरियत?" मी म्हटले, "खैरियत ही खैरियत है." मग आपांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अल्हमदुलिल्ला. आता तिला स्वयंपाक शिकव, तिकडे उपाशी मरेल."

मृण्मयी आता तिथे दुसऱ्या वर्षात आहे आणि खेळते आहे. प्रत्येक सामन्यात नाही, पण खेळते. खेळ सुटला तरी ती मोडून पडणार नाही, एवढे तिचे तिला कळले आहे, आणि आई म्हणून मला त्याचेच समाधान जास्त आहे.

मोठ्या क्लबाविषयी माझ्या मनात राग नाही. तिथे गेलेल्या मृण्मयीच्या मैत्रिणीचेही चांगले झाले. आपा बरोबर होत्या असे मी म्हणते ते एवढ्याचसाठी नाही की त्यांचा सल्ला लागू पडला. त्यांनी निर्णय आमच्या हातून काढून घेतला नाही, आणि निर्णय घेतल्यावर आम्हाला एकटे सोडले नाही.

निवृत्तीनंतर आपा कोकणात परत जाणार, अशी बातमी या उन्हाळ्यात पसरली आणि आम्हा पालकांत खळबळ उडाली. आखातातले आयुष्य नोकरीला बांधलेले असते आणि नोकरी संपली की माणसे निघून जातात, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. शेवटी मी धीर करून विचारले. आपा स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. "जाते कुठे? यांचं दुकान इथे आहे, मी यांच्या व्हिसावर. आणि रिमाने तिच्या सगळ्यांत छोट्या मुली माझ्याकडे दिल्यात. त्यांना अजून बुटाची नाडी बांधता येत नाही." बाहेरून परकारभाई ओरडले, "मला वाटलं होतं, आता तरी घरी बसेल!" आवाजात तक्रार होती, पण माणूस खुशीत दिसत होता.

आपा, मी माझ्या देवघरात आणि परकारभाई त्यांच्या नमाजात तुमच्यासाठी एकच मागणे मागतो, हे आम्ही दोघांनी परवा ताडून पाहिले. तुमची साखर ताब्यात राहो, गुडघे धड राहोत, शिट्टी फुंकायला दम राहो, आणि हे सगळे खूप, खूप वर्षे राहो. मैदानाच्या कडेला तुम्ही उभ्या आहात एवढे कळले, की आम्हा आयांना घरी स्वस्थ बसून चहा पिता येतो.